आल्प्समधील सोप्या मल्टी-पिच आरोहणासाठी गाईड नेमताना काय पाहावे?

रानवाट (मुलुंड) यांचा प्रश्न

नमस्कार. माझे वय ४१ असून गेली सात वर्षे मी सह्याद्रीत नियमित भटकंती करते. सुरुवात किल्ल्यांपासून झाली. पुढे प्रस्तरारोहणाची गोडी लागली आणि आजवर वानरलिंगी, लिंगाणा, तैलबैलाची भिंत, नागफणी, माहुलीचा वजीर आणि ढाकजवळचा कळकराय असे सहा सुळके-कडे झाले आहेत. पावसाळ्यात आठवड्यातून दोनदा कृत्रिम भिंतीवर सराव करते आणि तिथे अवघडपणाच्या फ्रेंच श्रेणीतील ५सी, क्वचित ६ए मार्ग वरच्या दोरावर पूर्ण होतात.

पुढच्या वर्षी मी आणि ठाण्यात राहणारी माझी मैत्रीण, अशा दोघींनी दहा दिवस आल्प्समध्ये जाऊन खडकावरचे, म्हणजे बर्फावर न जाता करता येणारे, सोपे मल्टी-पिच (दोराच्या लांबीच्या अनेक टप्प्यांचे, एकेक टप्पा म्हणजे पिच) मार्ग चढावेत असा विचार आहे. पहिली पसंती इटलीतील डोलोमाइट्सला आहे, दुसरी फ्रान्समधील शामोनीला. जूनअखेर किंवा सप्टेंबर यांपैकी एक वेळ निवडायची आहे.

अडचण गाईडची आहे. आपल्याकडे क्लबच्या मोहिमेत जाणकार मंडळी पुढे असतात, आपण वर्गणी देतो, डबा नेतो, दोर वाहतो, आणि एका दिवसाच्या आरोहणासाठी एका माणसाला ठरावीक मानधन द्यायचे ही कल्पनाच मला अजून सवयीची नाही. संकेतस्थळांवर जे दर दिसतात ते दिवसाला ४०० युरोंच्या पुढचे आहेत. युरो शंभर रुपयांच्या आसपास धरला, तर चार दिवसांचेच दीड-दोन लाख रुपये होतात. म्हणून विचारते की, चौथ्या श्रेणीच्या मार्गांसाठी गाईड खरोखर आवश्यक आहे का? असल्यास त्याची पात्रता कशी पडताळावी, दोघींना मिळून एक गाईड चालतो का, आणि पहिल्या पत्रात त्याला नेमके काय कळवावे? प्रत्यक्ष अनुभव असलेल्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

जुना_दोर (गिरगाव)

उत्तर देण्याआधी एक प्रश्न मीच विचारतो. राग मानू नये. हे सहा सुळके ‘झाले’ म्हणजे कसे झाले? आपल्याकडे आजकाल वीस-पंचवीस जणांच्या गटाला सुळक्यावर नेण्याची पद्धत अशी आहे की, दोन-तीन तयारीचे आरोहक पहाटे किंवा आदल्या दिवशी वर जातात, दोर बांधून ठेवतात, आणि बाकीचे त्या दोरावर जुमार (दोर पकडून वर सरकवायचे साधन) लावून किंवा वरून दिलेल्या बिलेच्या (दोर धरून चढणाऱ्याला सांभाळण्याच्या) आधाराने एकामागून एक माथ्यावर पोहोचतात. त्यात कमीपणा काहीच नाही. श्रम खरे असतात, भीती खरी असते, माथ्यावरचा वाराही खरा असतो. परंतु त्या पद्धतीत दोन किंवा तीन जणांच्या दोरीवर लागणारी बहुतेक कामे तुमच्या वाट्याला येतच नाहीत.

तुम्ही पुढे चढणाऱ्याला बिले दिला आहे का? त्याने लावलेले नट (भेगेत अडकवायचे धातूचे तुकडे) आणि स्लिंग (पट्ट्यांचे फास), एका हाताने खडक धरून, काढून आणले आहेत का? अरुंद स्टान्सवर (दोन पिचमधल्या थांब्यावर) तास-दीड तास हार्नेसमध्ये लटकत, दोराचा गुंता होऊ न देता उभ्या राहिला आहात का? रॅपलिंग करताना (दोरावरून उतरताना) तुमचे डिसेंडर (उतरण्याची गती रोखणारे साधन) दुसऱ्या कुणी तपासून न देता, स्वतः प्रुसिक (दोर घट्ट पकडणारी आधाराची गाठ) बांधून खाली उतरला आहात का? या चार प्रश्नांची उत्तरे कळली, की गाईडबद्दल बोलता येईल.

रानवाट (मुलुंड)

राग कसला, प्रश्न रास्तच आहे. प्रामाणिक हिशेब मांडते. वानरलिंगी आणि कळकराय पूर्णपणे जुमारवर झाले. लिंगाण्याला सगळीकडे दोर बांधलेले होते. वजिरावर वरून बिले होता, पण खडक स्वतः चढले. तैलबैलावर मात्र तिघांच्या दोरीत मधली होते, दोन पिच, आणि माझ्या पुढच्याने लावलेली स्लिंग मी काढून आणली. नट वापरलेच नव्हते, बोल्ट होते. नागफणीला फक्त रॅपलिंग केले आहे, हे लिहिताना आता मलाच हसू येते. लीड बिले कृत्रिम भिंतीवर पुष्कळदा दिला आहे, खडकावर एकदाच. प्रुसिक बांधता येते, पण माझे डिसेंडर आजवर नेहमी दुसऱ्याने तपासले आहे.

कातळस्पर्श (डोंबिवली)

आपण दिलेला हिशेब वाचून बरे वाटले, कारण तीन वर्षांपूर्वी डोलोमाइट्सला जाताना मी असा हिशेब कुणालाच दिला नव्हता आणि पहिला दिवस त्यातच वाया गेला. आता क्रमाने लिहितो.

गाईड हवा का, याचे उत्तर श्रेणीत शोधू नये. चौथ्या श्रेणीची पकड तुमच्या हाताला सहज जमेल. भिंतीवर ६ए करणाऱ्याला तर ती जिन्यासारखी वाटेल. अडचण इतर गोष्टींची असते. मार्ग कुठून जातो हे खालून दिसत नाही, बोल्टची रांग बहुतेक जागी नसते, दोन स्टान्सच्या मध्ये चाळीस मीटर दोर गेला की पुढच्याचा आवाज ऐकू येत नाही, उतरण्याची वाट चढण्याच्या वाटेहून वेगळी असते आणि अनेकदा तीच अधिक किचकट असते. शिवाय जुलै-ऑगस्टमध्ये तिथे दुपारी गडगडाटी पाऊस येतो आणि उघड्या धारेवर विजेसारखा धोका दुसरा नाही. आपल्या बेसॉल्टवर आपण आग्या मोहोळांना घाबरतो, कर्नाळ्याच्या सुळक्याखाली कुजबुजत बोलतो. तिथे त्याच सावधपणाने आकाशाकडे पाहावे लागते. आपल्या सध्याच्या तयारीवर, दोघींनीच गेल्यास, यांतले एकही काम कुणाला पूर्णपणे येत नाही. तेव्हा गाईड हवाच.

पात्रतेबद्दल. आल्प्समध्ये ‘गाईड’ हा शब्द आपल्यासारखा सैल नाही. आयएफएमजीए ही गाईड संघटनांची आंतरराष्ट्रीय महासंघटना १९६५ मध्ये ऑस्ट्रिया, फ्रान्स, स्वित्झर्लंड आणि इटलीच्या गाईडांनी स्थापन केली. फ्रेंचमध्ये तिलाच यूआयएजीएम म्हणतात आणि जर्मनमध्ये आयव्हीबीव्ही. त्यांचा गोल बिल्ला आणि दरवर्षी नूतनीकरण होणारे ओळखपत्र असते. या प्रशिक्षणात खडक, बर्फ आणि स्की या तिन्हींची कसोटी लागते आणि ते पूर्ण व्हायला काही वर्षे जातात. मधल्या टप्प्यावर असलेल्याला ‘अस्पिरंट’ म्हणतात. तो अनुभवी गाईडच्या देखरेखीखाली काम करतो आणि सोप्या मार्गांसाठी उत्तम असतो, फक्त त्याने तसे स्पष्ट सांगितले पाहिजे. इटलीत हा व्यवसाय १९८९च्या कायद्याने बांधलेला आहे. ‘गुइदा आल्पिना’ वेगळा आणि पदभ्रमणाचा वाटाड्या वेगळा. या वाटाड्याला, दोर वापरावा लागेल अशा ठिकाणी तुम्हाला नेण्याची मुभा नाही. संकेतस्थळावर सुंदर छायाचित्रे पाहून या दोघांत गल्लत होऊ शकते, म्हणून नाव कळल्यावर त्या प्रांताच्या गाईड संघाच्या यादीत ते आहे का, एवढे पाहावे. पाच मिनिटांचे काम आहे.

दोघींना एक गाईड चालतो. तो दोन दोरांवर पुढे चढतो, वर पोहोचून बिलेचे साधन अँकरवर (खडकातल्या पक्क्या आधारावर) अशा रीतीने टांगतो की, खालच्याचा भार आला तर दोर आपोआप अडकतो, आणि मग दोघी आपापल्या दोरावर चार-पाच मीटरचे अंतर ठेवून एकाच वेळी चढता. खर्च निम्मा होतो हे खरे, पण दोघींची गती आणि धीर सारखा असला तरच. आमच्यात माझा मित्र पहिल्यांदाच उंच भिंतीवर होता, तो अडला की मीही अडत असे, आणि दिवसअखेर आमच्यात जो अबोला झाला तो बोत्झेनच्या स्थानकापर्यंत टिकला. मैत्रिणीचाही असाच हिशेब आधी मांडून घ्यावा.

मानधनात काय येते आणि काय येत नाही, हे लेखी विचारावे. केबल कार किंवा खुर्चीच्या पाळण्याचे गाईडचे तिकीट, आणि डोंगरावरच्या रिफ्युजिओत (निवाऱ्यात) मुक्काम असेल तर त्याचे जेवण-राहणे, हे सहसा आपण भरायचे असते. हवामान बिघडल्यास पैसे परत मिळतात की दुसरा बेत दिला जातो, हाही प्रश्न आधीच मिटवावा. बहुधा बेत बदलतो, दिवस रद्द होत नाही.

आमची गाईड पन्नाशीची बाई होती. पहिल्या दिवशी तिने आम्हाला कोर्तिनाजवळच्या चिंक्वे तोर्री या पाच बुरुजांकडे नेले. तिथे पाळण्याने वर जाता येते, मार्ग आखूड आहेत, उतरणे सोपे आहे. आम्ही गाठी कशा बांधतो, स्टान्सवर पोहोचल्यावर आधी स्वतःला अडकवतो की आधी पाणी पितो, हे ती न बोलता पाहत होती. (मी पाणी प्यायलो होतो.) दुसऱ्या दिवशी फाल्झारेगो खिंडीजवळच्या सास्सो दी स्त्रिया या २,४७७ मीटर उंचीच्या शिखराची दक्षिण धार केली. ती साधारण चौथ्या श्रेणीची आहे, एखाद-दुसरी जागा किंचित वरचढ, आणि इतके लोक चढून गेल्यामुळे काही पकडी देवळाच्या उंबऱ्यासारख्या गुळगुळीत झाल्या आहेत. माथ्यावरून उतरताना पहिल्या महायुद्धातले खंदक लागतात. त्यांतून दोर खांद्यावर टाकून चालताना, आपल्या किल्ल्यांच्या चोरवाटांची आठवण आल्याशिवाय राहत नाही.

तिसऱ्या दिवशी सेल्ला खिंडीवरचा पहिला बुरूज ठरला होता. आम्ही पायथ्याशी पोहोचलो, हार्नेस चढवले, आणि तिने पश्चिमेकडे पाहून सांगितले की आज वर जायचे नाही. आकाश मला तरी स्वच्छ दिसत होते. आम्ही रस्त्यालगतच्या एका लहान कड्यावर दिवसभर अँकर बांधणे, दोर गुंडाळणे आणि प्रुसिक लावून उतरणे हेच करत राहिलो. दुपारी पाऊस आलाच नाही. मला राग आला होता, हे कबूल करतो. पंचेचाळीस हजार रुपये मोजून आपण खाली बसलो आहोत, हाच हिशेब डोक्यात चालू होता. संध्याकाळी तिने एवढेच सांगितले की, आदल्या दिवशी आम्हाला ज्या पिचला पंचवीस मिनिटे लागायला हवी होती, तिला पन्नास लागली, आणि त्या गतीने ढग आले असते तेव्हा आम्ही मध्यावर असतो. पाऊस येणार की नाही हे तिलाही ठाऊक नव्हते. आमची गती मात्र ठाऊक होती. दोन वर्षांनी मी तिलाच पुन्हा पत्र लिहिले.

पासपोर्ट_पुराण (विलेपार्ले)

आरोहणातले मला फारसे कळत नाही, मात्र घरातला एक आरोहक दोनदा धाडला आहे, त्यामुळे कागदपत्रांपुरते लिहितो.

शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. उन्हाळ्याच्या हंगामासाठी मुंबईत भेटीची वेळ मिळणे हीच खरी चढाई आहे, तेव्हा जूनमध्ये जायचे तर जानेवारीतच हालचाल करावी. शुल्क २०२४ च्या जूनपासून प्रौढांना ९० युरो आहे. ज्या देशात अधिक रात्री राहणार, त्या देशाकडे अर्ज करायचा असतो. शामोनीला जाणारे बहुतेक जण जिनिव्हाला उतरतात, म्हणून स्वित्झर्लंडकडे अर्ज करण्याची चूक करतात. मुक्काम फ्रान्समध्ये असेल तर अर्ज फ्रान्सकडे.

विम्याकडे विशेष लक्ष द्यावे. व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो आणि तो कोणत्याही एजंटाकडे दहा मिनिटांत मिळतो. परंतु अनेक पॉलिसींच्या बारीक अक्षरांत, जिथे दोर किंवा गाईड वापरण्याची रीत आहे असे गिर्यारोहण वगळलेले असते. म्हणजे तुम्ही सुरक्षिततेसाठी गाईड घेतला, त्याच कारणाने दावा फेटाळला जाऊ शकतो. दोरासह प्रस्तरारोहण आणि हेलिकॉप्टरने सुटका, हे दोन्ही शब्द पॉलिसीत लिहिलेले हवेत. फोनवरचे तोंडी आश्वासन चालत नाही. शामोनीच्या बाजूला डोंगरातून सोडवून आणण्याचे काम पीजीएचएम हे १९५८ मध्ये स्थापन झालेले पोलिस दल करते आणि त्या सुटकेचे पैसे सहसा घेतले जात नाहीत, मात्र रुग्णालयाचे बिल येते. इटलीत प्रांतागणिक नियम बदलतात आणि हेलिकॉप्टरचेही बिल येऊ शकते.

सह्यमित्र_ठाणे

वरील सर्व मान्य करूनही थोडा वेगळा सूर लावतो. दोन लाख रुपये गाईडवर आणि तेवढेच विमान-मुक्कामावर खर्च करण्याआधी, मल्टी-पिच म्हणजे काय हे भारतातच का अनुभवू नये? बेंगळुरूच्या पश्चिमेला सावनदुर्ग हा ग्रॅनाइटचा प्रचंड एकसंध डोंगर आहे. त्यावर अनेक पिचचे, बोल्ट मारलेले लांबलचक मार्ग आहेत. उतरता खडक असल्याने हाताला पकड फारशी मिळत नाही, पायाच्या घर्षणावर विश्वास ठेवावा लागतो आणि दोन बोल्टमधले अंतर छातीत धडकी भरवते. मुंबईहून रात्रीच्या गाडीने जाऊन थंडीच्या दिवसांत तीन-चार दिवस काढले, तर स्टान्सवर उभे राहणे, दोर सांभाळणे आणि दिवसभर न घाबरता उंचीवर राहणे याची सवय लागते. तो आल्प्सचा पर्याय नाही. सावनदुर्गला सैल दगड नाहीत, वाट शोधावी लागत नाही. पण अर्धे शिक्षण होते.

दुसरा मुद्दा भारतातल्या ‘सर्टिफाइड गाईड’ या शब्दाचा. काही वर्षांपूर्वी हिमाचलात आम्ही एका संस्थेकडून खडकावरच्या आरोहणासाठी असा प्रमाणित गाईड घेतला. मुलगा उमदा होता, पाठीवर आमचेही सामान घेत होता, परंतु दुसऱ्या पिचवर त्याने एकाच जुन्या पेगवर (खडकात ठोकलेल्या खुंटीवर) तिघांचा भार टाकला तेव्हा मी विचारले, आणि त्याच्याकडे फक्त बेसिक माउंटेनिअरिंग कोर्सचे प्रमाणपत्र असल्याचे कळले. उत्तरकाशी, दार्जिलिंग, मनाली येथील संस्थांचे अभ्यासक्रम अतिशय चांगले आहेत, पण बेसिक आणि अ‍ॅडव्हान्स हे कोर्स स्वतः चढायला शिकवतात आणि मेथड ऑफ इन्स्ट्रक्शन हा शिकवायला शिकवतो. ग्राहकाला दोरीवर घेऊन त्याची जबाबदारी घेणे हे त्यापुढचे, वेगळे कौशल्य आहे. तेव्हा सावनदुर्गला किंवा मनालीला कुणालाही सोबत घ्याल, तर प्रमाणपत्राचे नाव विचारावे आणि त्याने गेल्या वर्षभरात नवख्या माणसांना घेऊन कोणते मल्टी-पिच मार्ग केले, हेही विचारावे. चांगला माणूस या प्रश्नाने दुखावत नाही.

शामोनीचा पर्याय पूर्ण सोडू नये, असेही सुचवतो. एग्वी रूज या रांगेत, मोब्लाँ शिखराच्या समोरच्या बाजूला, एग्वी द लँडेक्सची आग्नेय धार नवख्यांसाठी गाईड नेहमी निवडतात. फ्लेजेरहून पाळण्याने वर गेले की पायथा जवळ येतो, श्रेणी ४सीच्या आसपास आहे आणि समोर बर्फाचा सगळा पट उलगडलेला असतो. मात्र एग्वी द्यू मिदीच्या ३,८४२ मीटरवरच्या केबल कारची छायाचित्रे पाहून तिथली कॉस्मिक धार मागू नये. ती बर्फ, क्रॅम्पॉन (बुटांना लावायचे काटे) आणि विरळ हवेची गोष्ट आहे, आपण मागितलेली नव्हे.

जुना_दोर (गिरगाव)

रानवाट यांनी हिशेब मोकळेपणाने मांडला, तेव्हा आता सल्ला देता येतो. पैसे देऊन माणूस नेमण्याचा संकोच सोडावा. शामोनीच्या गाईडांची कंपनी १८२१ची आहे; त्याच्या आदल्या वर्षी मोब्लाँवर हिमप्रपातात तीन गाईड मेले आणि त्यांच्या बायकामुलांचे काय, या प्रश्नातून ती उभी राहिली. सुरुवातीच्या काळात तिथे पाळीने येईल तो गाईड घ्यावा लागे, निवड नसे. मानधन म्हणजे त्या माणसाने तुमच्यासाठी पत्करलेल्या जोखमीचे मोल आहे. आपल्या क्लबांत ते मोल मैत्रीत फिटते.

वेळेबद्दल. आपला खडकाचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो आणि मार्चमध्ये कातळ तापला की उतरणीला लागतो. त्यांचा हंगाम साधारण जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत. सप्टेंबरला गेलात तर मधले पाच-सहा महिने हात फक्त प्लास्टिकच्या पकडींवर असतील. जूनअखेर गेलात तर हात ताजे असतील, पण उतारावरच्या घळींत कुठेकुठे शिल्लक बर्फ लागू शकतो. मी असतो तर जूनअखेर निवडली असती आणि बर्फाचा प्रश्न गाईडवर सोडला असता. सप्टेंबरमध्ये हवा अधिक स्थिर असते हेही खरे, तेव्हा दोघींच्या रजेचा विचार करून ठरवावे.

तोवर नोव्हेंबर ते मार्च या पाच महिन्यांत आपल्या क्लबमधल्या एखाद्या अनुभवी आरोहकाला गाठून तिघांच्या, शक्यतो दोघांच्याच दोरीवर चढावे. नवा सुळका नको. तैलबैलाच पुन्हा करावा, आणि या वेळी पुढे चढणाऱ्याला बिले देऊन. आपल्या बेसॉल्टवर नट लावायला भेगा कमी मिळतात, तेव्हा मुंब्र्याच्या एखाद्या बुटक्या कातळावर जमिनीवर उभे राहूनच कुणाकडून तरी दहा-वीस नट लावून घ्यावेत आणि काढण्याचा सराव करावा. अडकलेला नट काढता न आल्यामुळे जेवढा वेळ जातो तेवढा अवघड जागी जात नाही. आणि पायात आरोहणाचे घट्ट बूट घालून सलग तीन तास उभे राहून पाहावे. भिंतीवर आपण दर पाच मिनिटांनी बूट काढतो, तिथे तसे चालत नाही. बोटे वळत असतील तर अर्धा नंबर मोठा, सपाट तळव्याचा जोड घ्यावा.

रानवाट (मुलुंड)

सर्वांची मनापासून आभारी आहे. मैत्रिणीशी काल बोलणे झाले. तिचा हिशेब माझ्यापेक्षाही आखूड निघाला, पण ती घाबरत नाही आणि भराभर चढते. डिसेंबरात सावनदुर्ग, जानेवारीत दोघींच्या दोरीवर तैलबैला आणि जूनअखेर डोलोमाइट्स असे ठरवले आहे. चार दिवस एकच गाईड, पहिला दिवस चिंक्वे तोर्री. पत्राचा मसुदा इंग्रजीत पाठवीनच, त्याचा मराठी मथितार्थ इथे देते. काही खटकल्यास सांगावे.

“आम्ही मुंबईच्या दोन आरोहक असून आम्हाला सात आणि तीन वर्षांचा अनुभव आहे. आम्ही सह्याद्री पर्वतातील सहा सुळके चढलो आहोत. कृत्रिम भिंतीवर ५सी श्रेणीपर्यंत आत्मविश्वासाने चढतो. आम्हाला चार दिवसांत चौथ्या श्रेणीचे तीन मल्टी-पिच मार्ग करायचे आहेत, त्यांत सेल्लाचा पहिला बुरूज असावा अशी इच्छा आहे. उंचीची भीती नाही. दिवसाला आठ-नऊ तास चालण्याची तयारी आहे. आपले मानधन, त्यात समाविष्ट नसलेला खर्च आणि हवामान बिघडल्यास आपली पद्धत कृपया कळवावी.”

कातळस्पर्श (डोंबिवली)

शेवटची दोन वाक्ये उत्तम आहेत, ती तशीच ठेवावीत. ‘सहा सुळके चढलो आहोत’ हे वाक्य काढून, इथे आपण जुना_दोर यांना दिलेला हिशेब जसाच्या तसा लिहावा: किती पिच स्वतः खडक धरून झाल्या, किती जुमारवर, स्लिंग काढून आणले पण नट नाहीत, रॅपल नेहमी दुसऱ्याने तपासला. परदेशी गाईडला वानरलिंगीचे नाव सांगून काही कळणार नाही, हे मात्र लगेच कळेल, आणि त्यावर तो बहुधा तुम्हाला आणखी पाच प्रश्न विचारील. विचारले नाहीत, तर दुसऱ्या गाईडला पत्र लिहावे.

‘तीन मार्ग करायचे आहेत’ याऐवजी ‘शक्य झाल्यास सेल्लाचा पहिला बुरूज’ असे लिहावे. मैत्रिणीचे तीन वर्षांचे आणि तुमचे सात वर्षांचे वेगवेगळे लिहावे, एकत्र नको. सावनदुर्ग होईपर्यंत ‘आत्मविश्वासाने’ हा शब्दही थांबवून ठेवावा. हवे तर जानेवारीत, तैलबैला झाल्यावर, पुरवणी पत्रात घालता येईल.